रोटाव्हायरसच्या थेंबांमुळे बाळाचे आतडे अडकू शकते का?

आपले बाळ दीड महिन्याचे आहे आणि ‘अमेरिकेत ही लस आतडी अडकतात म्हणून बंद केली’ असे कानावर आल्याने आपण रोटाव्हायरस या जुलाब करणाऱ्या विषाणूवरच्या लसीचे थेंब द्यावेत की नाही या विचारात आहात. ऐकलेले खरे आहे, मात्र ती लस निराळी होती. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि हा प्रश्न मला लसीकरणाच्या दिवशी हमखास विचारला जातो.

या विकारात, म्हणजे इंटससेप्शनमध्ये, आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो आणि तिथला रक्तपुरवठा तुटू लागतो. लस नव्हती तेव्हाही तो होत असे, विशेषतः चार ते नऊ महिन्यांच्या बाळांना. त्यामुळे डोसनंतर तो दिसला एवढ्यावरून लसीला दोष देता येत नाही. अमेरिकेतल्या त्या रोटाशील्ड नावाच्या लसीला ऑगस्ट १९९८ मध्ये परवाना मिळाला. त्याआधीच्या चाचण्यांत लस घेतलेल्या सुमारे १०,००० बाळांपैकी ५ जणांना हा विकार झाला होता, पण एवढ्या थोड्या आकड्यांवरून ठाम काही म्हणता येत नव्हते. जुलै १९९९ पर्यंत लसीनंतरच्या घटनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत अशी १५ बाळे आली, वापर लगेच थांबवला गेला आणि ऑक्टोबरमध्ये लस बाजारातून गेली. धोका साधारण १०,००० बाळांत एक एवढा निघाला, तोही मुख्यतः पहिल्या डोसनंतरच्या दोन आठवड्यांत.

त्यानंतरच्या रोटारिक्स आणि रोटाटेक या लसी प्रत्येकी ६०,००० हून अधिक बाळांच्या चाचणीतून गेल्या. तरीही काही देशांत अत्यल्प धोका आढळलाच. आपल्याकडे २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात आलेल्या रोटाव्हॅकसाठी २७ रुग्णालयांत पाहणी झाली. तिच्यात त्याच बाळाचे डोसनंतरचे दिवस आणि इतर दिवस यांची तुलना केली गेली (मला ही पद्धत फार आवडते, कारण दोन वेगळ्या घरांतील बाळांची तुलना करावी लागत नाही) आणि धोका वाढलेला आढळला नाही.

बाळाला पूर्वी हा विकार झालेला नसेल, तर थेंब अवश्य द्यावेत. नंतर ते थांबून थांबून कळवळून रडू लागले, पाय पोटाशी घेऊ लागले, हिरवी उलटी झाली, मलूल पडले किंवा शी रक्ताळ, जेलीसारखी झाली, तर घरी ग्राइप वॉटर देत बसू नये. सोनोग्राफीत निदान होते आणि वेळेत पोहोचल्यास बहुतेकदा गुदद्वारातून हवा किंवा सलाईन सोडून, शस्त्रक्रियेविना, आतडे मोकळे करता येते. डोसची तारीख असलेले लसीकरण कार्ड मात्र सोबत न्यावे.