घराची बाहेरची भिंत : आधी पाण्याची वाट शोधा, मग रंग

प्रश्न : आमचं रो-हाउस बांधून १४ वर्षं झाली. दर पावसाळ्यात हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीला आतून ओल येते. दर खेपेला पेंटर वॉटरप्रूफ रंग मारून जातो आणि पुढच्या वर्षी पोपडे निघतात. बाहेरची भिंत आपली आपण तपासता येईल का? कधी आणि कुठून सुरुवात करावी?
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : येईल, आणि पेंटरला फोन करण्याआधीच तपासा. नाशिकला पावसाचं वारं पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतं, त्यामुळे झोड बसते ती पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला. उन्हाळ्यात दुपारनंतरचं ऊनही पश्चिमेच्याच वाट्याला. ती भिंत दिवसा तापून फुगते, रात्री आखडते. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक भेगा बहुतेक त्यातूनच येतात. ओली भिंत रंगाने बंद केली की आतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधतं आणि रंगालाच फोड आणतं. तुमचे पोपडे त्याचेच असावेत.

एप्रिलच्या सुरुवातीला तपासणी करा. गिलाव्याचं काम निघालंच तर त्यावर सात दिवस पाणी मारावं लागतं आणि रंगाआधी साधारण २८ दिवस तो सुकू द्यावा लागतो. मेअखेर काढलेलं काम पावसात सापडतं आणि मग घाईत ओल्या गिलाव्यावर रंग बसतो. दुसरी नजर पावसाळ्यात टाका. सर थांबून अर्धा तास झाला की भिंत सुकू लागते, पण भेगांमध्ये पाणी उरलेलं असतं. त्या काळ्या रेघांसारख्या उठून दिसतात. मोबाइलवर तेव्हाच फोटो काढून ठेवा, मे महिन्यात त्या भेगा शोधूनही सापडणार नाहीत. गिलाव्याचा फुगवटा मात्र भिंतीला घासून जाणाऱ्या उन्हात दिसतो : पश्चिमेची भिंत माध्यान्ह उलटताच, पूर्वेची माध्यान्हाच्या थोडं आधी पाहा.

सुरुवात गच्चीवरून. ओल दिसते हॉलमध्ये, पण पाणी शिरतं बऱ्याचदा दहा फूट वर. कठड्याच्या माथ्याला गच्चीच्या बाजूने उतार हवा. माथा सपाट किंवा तडकलेला असेल तर पाणी कठड्याच्या विटांत मुरतं आणि भिंतीच्या आतून खाली येतं. कठडा आणि गच्ची मिळते तिथला गोल वाटा (कोपऱ्यातली सिमेंटची गोलाई) सुटला आहे का तेही बघा. बाहेरून स्लॅबच्या पातळीवर आडवी सरळ भेग दिसली, तर ती उन्हाने स्लॅब हलल्याची खूण असते. नुसता रंग मारून ती बुजत नाही.

मग छज्जे. वरून तांब्याभर पाणी ओता आणि खाली उभं राहून पाहा. पाणी कडेवरूनच टपकायला हवं. ते छज्ज्याच्या पोटाखालून भिंतीकडे धावत असेल, तर कडेची थेंब तोडणारी खाच नाही किंवा रंगाने भरून गेली आहे. ही खाच १०-१२ मिमी रुंद आणि तितकीच खोल हवी. खिडकीच्या बाहेरच्या दगडाला बाहेरच्या बाजूने उतार आहे का आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीभोवतीचं सिलिकॉन नखाने उचकटतं का, ते बघा. सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी जायला बारीक छिद्रं असतात. ती धुळीने बुजली की पट्टी भरते, पाणी आत उतरतं आणि दोष भिंतीवर जातो. जुनी दाढी करायची पाती किंवा टाचणी घेऊन ती मोकळी करा, खर्च शून्य.

पाइपांच्या मागे शेवाळाचा उभा पट्टा दिसला, तर तो पावसाचा नाही. जोड गळतोय, किंवा क्लॅम्प सुटून पाइप हलतोय. एसीची नळी भिंतीला चिकटून सोडलेली असेल तर आधी ती हलवा. जमिनीजवळ एवढंच पाहा : अंगणातली फरशी किंवा बागेची माती जोत्याच्या वर चढलेली नसावी आणि उतार घरापासून लांब जाणारा असावा.

शेवटी हाताच्या पल्ल्यातला गिलावा नाण्याने किंवा हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकत चला. घट्ट गिलावा खणकतो, सुटलेला बद वाजतो. बद भागाभोवती खडूने रेघ ओढा. तळहाताएवढा असेल आणि भेग नसेल तर राहू द्या. चौरस फुटापेक्षा मोठा किंवा दाराच्या डोक्यावरचा असेल तर पाडाच. पाडताना गवंडी वेडावाकडा खड्डा करून सिमेंट लिंपतो, ते चालवून घेऊ नका. कडा चौकोनी सरळ कापायच्या, विटांचे सांधे १० मिमी खरवडायचे, भिंत भिजवून १:४ मसाल्याचा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) २० मिमी गिलावा दोन थरांत करायचा. कॉलम किंवा बीम आणि वीट मिळते तिथे दोन्ही बाजूंना १५० मिमी जाईल एवढी चिकन मेश (बारीक तारेची जाळी) आधी ठोकून घ्या. क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) भुकटी जास्त असली तर नवा गिलावाही तडकतो, म्हणून वाळू मुठीत घेऊन हाताला भुकटी चिकटते का ते बघा.

प्रश्न : सिडकोतल्या आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेली आहे. पेंटर म्हणतो, पुट्टी भरून रंग मारू. घर धोक्यात आहे का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : भेगेची रुंदी, दिशा आणि हालचाल, या तिन्हीवरून ठरवा. १ मिमीपेक्षा बारीक ती किरकोळ, १ ते २ मिमी मध्यम, त्यापुढची रुंद. नुसत्या अंदाजाने बोलू नका, पट्टी लावून मोजा. खिडकीच्या कोपऱ्यातून निघणारी बारीक तिरकी भेग फार घरांत असते, कारण ताण तिथेच एकवटतो. विटांच्या सांध्यांमधून पायरीपायरीने चढणारी आणि वर रुंद होत जाणारी भेग मात्र पायाकडे बोट दाखवते. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पाया उथळ असेल तर तो सोबत हलतो. घरावर मागाहून मजला चढवला असेल तर संशय दुप्पट.

भेग वाढते आहे का हे कळायला तिच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख लिहा. मधोमध काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून तिची दोन टोकं भिंतीला सिमेंटने पक्की करा. काच तडकली, तर भेग जिवंत आहे. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा पाहा. भेग २ मिमीहून रुंद असेल, काच तडकली असेल किंवा भेगेजवळ तांबूस गंजाचा डाग असेल, तर वाट न पाहता स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. गंजलेली सळई मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेते आणि काँक्रीट उकलून काढते.

भेग शांत असेल तर ती उकलून व्ही आकाराची, ५ ते १० मिमी खोल करा, ब्रशने धूळ झाडा आणि ॲक्रिलिक क्रॅक फिलर दाबून भरा. भिंतीची पुट्टी नको, ती ताठ असल्याने पुन्हा तडकते. मोठ्या खाचांना पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा मसाला) घ्या : पॉलिमर १ किलो, सिमेंट ५ किलो, क्वार्ट्झ वाळू १५ किलो. पाणी लागेल तेवढंच घाला. एका वेळी पाऊण तासात संपेल इतकंच मिश्रण कालवा.

प्रश्न : बंगल्याच्या दर्शनी भागाला एचपीएल शीट (कागद आणि रेझिन दाबून बनवलेले लॅमिनेटचे तक्ते) लावली आहे. मागे पाणी जातंय की नाही, कसं कळेल?
– गंगापूर रोड

उत्तर : शीट पाणी पूर्ण अडवत नाही, मागची भिंत अडवते. म्हणून शीट आणि भिंतीत वारा खेळायला पोकळी हवी, आणि तिचा खालचा तोंडाचा भाग बंद नसावा. सुबक दिसावं म्हणून तो सिलिकॉनने बुजवलेला आम्ही बरेचदा पाहतो, आणि मग पाणी आतच कोंडतं. शीटच्या कडा फुगल्या आहेत का, कोपरे उचललेत का, स्क्रूच्या डोक्याभोवती गंजाची ओघळ आहे का, ते बघा. दोन शीटमध्ये ६ ते ८ मिमी फट असावी, ती नसेल तर उन्हात शीट फुगून पोटाला बाक येतो. सुट्या भागावर हात ठेवून हलवा. खडखडल्यास मागची ॲल्युमिनियमची पट्टी सुटली आहे. फटीत गांधीलमाश्यांची ये-जा असेल तर आधी पोळं काढून घ्या.

घरात लावायची पीव्हीसी पॅनेल बाहेर लावली असतील तर तपासत बसू नका. उन्हाने ती ठिसूळ होतातच. काढून टाका.

प्रश्न : पंचवटीतल्या जुन्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला, आता तो पत्र्यासारखा सुटतोय आणि खाली लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) लागला आहे.

उत्तर : दगड, वीट आणि पांढऱ्या मातीची भिंत ओल शोषते आणि हवेत सोडते. सिमेंटने ती वाट बंद झाली. सुटेल तेवढा गिलावा काढा, भिंत एक उन्हाळा उघडी सुकू द्या आणि चुन्याचाच गिलावा करणारा कारागीर शोधा. लोणा पाण्याने धुऊ नका, क्षार परत मुरतात. कोरड्या ब्रशने झाडून काढा. भेगेतून पिंपळाचं रोप आलं असेल तर ते छोटं असतानाच मुळासकट काढा. मीठ ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, भिंतीत क्षार वाढतील आणि जवळ सळई असेल तर ती गंजेल.