वाचकांचे प्रश्न : पहिल्या मंडळ्या भांडत नव्हत्या का?

प्रश्न : आमच्या मंडळीत सरळ दोन गट पडलेत. जुने पाळक रिटायर झाले, नवीन आले, आता अर्धे म्हणतात जुन्यांचं शिकवणंच खरं, अर्धे म्हणतात नवीन आले म्हणून मंडळीत जीव आला. व्हॉट्सॲप ग्रुपही दोन झालेत. पहिल्या शतकातले विश्वासणारे एकजिवाचे होते असं लहानपणापासून ऐकलंय, मग आम्हालाच काय झालं? मी चर्च बदलू का?

उत्तर : एकजिवाचे होते ना, बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात तसं लिहिलंच आहे. पण दोनच अध्याय पुढे जा, सहाव्यात कुरकुर सुरू! ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय म्हणून. मला त्यातलं आवडतं ते हे, की प्रेषितांनी "प्रार्थना करा आणि गप्प बसा" म्हणून विषय दाबला नाही, सात माणसं नेमली, आणि त्या सातांची नावं बघा, स्तेफन, फिलिप्प, निकानोर, सगळी ग्रीक. म्हणजे ज्यांची तक्रार होती बहुतेक त्यांच्याच हातात वाटप दिलं. आपल्याकडे तक्रार करणाऱ्यालाच आधी झापतात, असो.

तुमची केस मात्र हुबेहूब ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीची आहे. प्रेषित पौल तिथं इ.स. ५० च्या आसपास दीड वर्ष राहिला, मंडळी उभी केली आणि गेला, मागून अपुल्लोस आला, तो बोलण्यात पटाईत. झालं, कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी मी अपुल्लोसाचा, कोणी मी केफाचा, म्हणजे पेत्राचा, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे मी ख्रिस्ताचा! पण पौलाने स्वतःच्या गटाची पाठ थोपटली नाही, उलट पत्र लिहून विचारलं की पौल तुमच्यासाठी क्रूसावर गेला का? आणि त्याच पत्राच्या शेवटी लिहितो, अपुल्लोसाने तुमच्याकडे यावं म्हणून मी त्याला खूप विनवलं पण तो आत्ता यायला तयार नाही. म्हणजे भांडण त्या दोघांत नव्हतंच, ते त्यांच्या फॅन लोकांत होतं. तेव्हा तुम्ही आधी हे बघा की तुमचे दोन पाळक एकमेकांशी बोलतात का. बोलत असतील तर एखाद्या रविवारी दोघांना एकत्र उभं करा, निम्मी हवा तिथेच जाईल.

आणि तेवढ्याने करिंथ सुधारलं का, तर नाही. साधारण ९६ साली, म्हणजे चाळीसेक वर्षांनी, रोमच्या मंडळीला त्यांना परत लांबलचक पत्र लिहावं लागलं, क्लेमेंटचं पत्र म्हणतात त्याला, कारण तिथल्या काही जणांनी चक्क मंडळीच्या वडिलांनाच, म्हणजे मंडळी चालवणाऱ्यांनाच, पदावरून काढलं होतं. तेव्हा महिन्याभरात मिटेल अशी आशा धरू नका. चर्च बदलायचं तर बदला, त्यात पाप नाही, पौल आणि त्याचा जोडीदार बर्णबासुद्धा मार्क नावाच्या सोबत्यावरून भांडून वेगळे झालेच की. पण मी तुमच्या जागी असते तर सहा महिने थांबले असते आणि आधी ते दोन्ही ग्रुप सोडले असते.

प्रश्न : नोकरीत त्रास होईल म्हणून माझ्या भावाने आपण ख्रिस्ती नाही असं लिहून दिलं होतं. आता त्याला परत यायचंय, पण काही जण म्हणतात त्याला प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस, देऊ नका.

उत्तर : हा वाद २५० सालापासूनचा आहे. रोमन बादशहा डेसियसने हुकूम काढला, सगळ्यांनी देवांना बळी अर्पण करून तसं सर्टिफिकेट घ्यायचं. कित्येक ख्रिस्ती लोकांनी अर्पण केलं, काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला, आणि छळ थंडावल्यावर ही सगळी माणसं परत दारात. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा पाळक म्हणाला अजिबात नाही, त्याने वेगळी मंडळीच काढली. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला घ्या, पण पश्चात्तापाला वेळ द्या, आणि नुसता कागद घेणाऱ्याला अर्पण करणाऱ्याच्या पंक्तीला बसवू नका. हा सिप्रियन स्वतः त्या छळात लपून राहिला होता बरं का, लोकांनी नावंही ठेवली, आणि २५८ साली वेळ आली तेव्हा मात्र पळाला नाही, त्याचा शिरच्छेद झाला. विरोध करणाऱ्यांना हे जरूर सांगा. भावाला पाळकांकडे एकट्याला जाऊ द्या, काय झालं ते त्यालाच सांगू दे, तुम्ही मध्ये पडू नका. थोडे महिने थांबायला सांगितलं तर त्याने थांबावं.