लातूर जिल्ह्यात औशाकडे पाच एकर आहे, विहीर चैत्रात आटते. बोअर मारून त्यावर सोलर पंप घ्यावा का, आणि ढगाळ दिवसांत तो चालेल का?

सोलर घ्याच. बोअर मारू नका.

एवढ्यावर थांबले असते, पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ‘रात्रीच्या लाईटवर भागतंय तसं’. ते वाचलं आणि राहवलं नाही.

आमच्या फिडरलाही तेव्हा दिवसाची पाळी असली की आठ तास लाईट असायची, रात्रीची असली की दहा. गव्हाला पाणी चाललं होतं. रात्री दोनला लाईट आली तशी मामंजी उठून गेले. बॅटरी दातात धरून वाफ्याचं दार मोडायला वाकले आणि उजव्या हाताला घोणस डसली. यांनी त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवलं, मागून मी धरलं आणि दवाखाना गाठला. मोटर बंद करायचं कुणाला सुचलं नाही. सकाळी दंड फुटून पाणी शेजाऱ्याच्या तुरीत गेलेलं, गहू लोळलेला. मामंजी वाचले. पण दोन बोटं अजून वळत नाहीत, भाकर सासूबाई कुस्करून देतात. याला भागणं म्हणत नाहीत.

आमची विहीर दिरांशी सामायिक. सामायिक विहिरीवर सोलर घ्यायचा तर हिस्सेदाराचं ना हरकत पत्र लागतं. दिरांनी दीड वर्ष सही केली नाही. त्यांचं एकच, बोअर मारू आणि त्यावर सोलर टाकू. शेवटी त्यांनी त्यांच्या वाट्यात मारलाच, ६४० फूट. पहिल्या साली पाणी लागलं, दुसऱ्या उन्हाळ्यात नुसता फुफाटा. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे, पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. त्याच्या खाली सहसा नशीबच. भूजल कायद्याने ६० मीटरच्या पुढच्या विहिरीला ‘खोल विहीर’ म्हटलंय, ते उगाच नाही. शिवाय सरकारच्या सौर पंप योजनेतले पंप ३०, ५०, ७०, फार तर १०० मीटर उपशाचे असतात. ६४० फूट म्हणजे १९५ मीटर. तिथून ५ एचपी काय ओढणार? तुमच्या घरातही बोअरचा हट्ट धरणारं कुणी असेल तर त्याला हा हिशोब मांडून दाखवा. मी दिरांना मांडून दाखवला होता, तेव्हा ‘बायकांनी यात पडू नये’ असं उत्तर मिळालं.

बोअरला लागला असता तो पैसा आम्ही विहिरीतला गाळ काढायला घातला आणि वरच्या ओढ्याचं पाणी अडवलं. मग सोलर. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाचपर्यंत ५, त्यापुढे साडेसात असं बसतं. हिस्सा १० टक्के भरायचा, अनुसूचित जाती-जमातीला ५. आता मामंजी सकाळी नऊला चहा पिऊन दारं धरायला जातात. दहा ते तीन पाणी जोरात पडतं.

ऊन फुकट म्हणून दिवसभर पंप चालू ठेवाल तर विहीर चैत्राऐवजी माघातच आटेल, हे मात्र ध्यानात ठेवा. उसाचा विचार असेल तर माझं उत्तर विसरा. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात ऊस लावून पाणी पुरत नाही म्हणणाऱ्यांशी मी बोलत नाही. विहिरीवर आणखी हिस्सेदार असतील तर वार आधी ठरवा.

तुम्ही ढगाळ दिवसांचं विचारलंय. पाणी कमी पडतं, आभाळ गच्च असेल तर पंप चालतही नाही. पण पावसाळ्यात पाऊस ओढ देतो तेव्हा ऊनच असतं, त्यामुळे फारसं अडत नाही. पाट्यांवरची धूळ आठवड्याला पुसा, नाहीतर धार बारीक होते. गारपिटीची भीती आहेच. पाच वर्षं दुरुस्ती आणि विमा असतो, पाट्या फुटल्या तर त्याच दिवशी फोटो काढून तक्रार टाका.

दिरांनी सही केली ती बोअर आटल्यावर. त्यांना आमच्या पंपावर मंगळवार-बुधवार दिलाय.