आजोबांच्या कुऱ्हाडीला ग्राइंडर लावू नका

दादा, तुम्ही लिहिलंय की वाईच्या घरी माळ्यावर आजोबांची कुऱ्हाड सापडली. गंज चढलाय, धारेला दोन दाते पडलेत, दांडा नेढ्यातच (पात्याच्या ज्या भोकात तो बसतो तिथंच) मोडलाय, आणि रविवारी ग्राइंडर मारून चकाचक करायचा विचार आहे. कळकळीनं सांगतो, ग्राइंडर नको.

जुन्या कुऱ्हाडीचा जीव तिच्या पाण्यात, म्हणजे धारेला दिलेल्या कडकपणात असतो. लोहारानं धार लाल करून विझवलेली असते, मग बेताची ऊब देऊन तिचा ठिसूळपणा काढलेला असतो. ही ऊब साधारण २२० ते २५० अंशांची, पोलादावर गवती पिवळा ते तपकिरी रंग येईपर्यंत. ग्राइंडरखाली पातळ धार बघता बघता ३०० च्या वर जाते. निळी झाक दिसली की तेवढ्या जागेचं पाणी उतरलं. मी वडिलांची कुऱ्हाड शिराळ्याला अशीच मशीनवर धार लावून आणली होती. दिसायला आरसा, पण बाभळीच्या पहिल्याच ओंडक्यावर धार पत्र्यासारखी वळली. ते अजून मनाला लागतं.

म्हणूनच मोडका दांडा काढायला कुऱ्हाड चुलीतही घालू नका. बाहेरचं लाकूड करवतीनं कापा, नेढ्यातल्या लाकडाला गिरमिटानं चार-पाच भोकं पाडा आणि नेढ्याचं जे तोंड रुंद असेल तिकडं सळईनं ठोकून काढा.

गंजाला चिंच पुरते. मूठभर जुनी चिंच कोमट पाण्यात कोळून पातं रात्रभर बुडवायचं, सकाळी नारळाच्या शेंडीनं घासायचं, खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवून लगेच उन्हात वाळवायचं. काळपटपणा उरतो तो राहू द्या.

मग धारेवर कानस फिरवून बघा. जेमतेम चावत असेल तर पाणी शाबूत आहे. लोण्यासारखी कापत गेली तर पाणी गेलंय, मग लोहाराच्या भट्टीशिवाय इलाज नाही. दाते कानशीनंच काढा. कानस पुढं ढकलतानाच कापते, मागं आणताना उचलायची. धार तांदळाच्या दाण्यासारखी पोटदार ठेवा, सपाट पातळ केली तर पुन्हा दाते पडतील. शेवटी निसण्यावर (धार लावायच्या दगडावर) पाणी टाकून धार गोल गोल फिरवा. पलीकडल्या अंगाला नखाला बारीक खरखर लागली की बाजू बदला. तुंबा, म्हणजे धारेच्या मागची बोथट बाजू, ठोकून पसरला असेल तर त्याच्या कडाही घासून टाका, त्यांच्या कपच्या उडून डोळ्यात जातात.

आता दांडा. खरी मेहनत इथं आहे. आमच्याकडं धावडा नाहीतर बाभळीचा गाभा वापरतात (वनखात्याच्या हद्दीतलं तोडू नका). लाकडाच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हव्यात, मध्येच बाहेर पडणारी रेष म्हणजे उद्या तिथंच मोडणार. वाकसानं (लाकूड तासायच्या हत्यारानं) तासून शेवटचा हात फुटक्या काचेच्या धारेनं द्या, तळव्याला गुळगुळीत लागतं. वरच्या टोकाला नेढ्याच्या दोन तृतीयांश खोलीची चीर पाडा. बसवताना दांडा हातात उभा धरून कुऱ्हाड खाली लोंबती ठेवा आणि दांड्याच्या बुडावर मोगरीनं ठोका. पातं आपल्याच वजनानं वर चढत जातं, हाताखाली ते जाणवतं. घट्ट झालं की चिरेत कडक लाकडाची पाचर मारा. खिळे नकोत, त्यांनी लाकूड फाटतं.

ढिल्या कुऱ्हाडीला पाण्यात भिजत घालायची सवय घरोघर आहे, ती मोडा. लाकूड फुगतं, पण नेढ्याचं लोखंड त्याला जागा देत नाही, त्यामुळे रेशे आतच चेंगरतात आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा बारीक होतो. पावसाळ्यात बसवलेला दांडा उन्हाळ्यात सैल होतो तोही ओलीमुळंच. तेव्हा आत्ता दांडा थोडा जाडसर तासून सावलीत ठेवा, शेवटचं माप होळीनंतर घेऊन मगच बसवा. जवसाच्या कच्च्या तेलाचे चार-पाच हात द्या, प्रत्येक हात वाळू देऊन. गोडेतेल चालत नाही, ते वाळत नाही, चिकट राहतं. तोवर पात्याला तेल पुसून कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा, आणि गोणपाटात नको, ते ओल धरतं.