वडिलांना एएलएस (हळूहळू स्नायू दुबळे करणारा मज्जातंतूंचा आजार) आहे. पाण्याने ठसका लागतो, पोळी मात्र जाते. मग पोटात नळी आत्ताच कशाला?

तुम्ही लिहिलंय की चहा-पाण्याला ठसका लागतो, पोळी-भाजी हळूहळू जाते, जेवायला पाऊण तास लागतो आणि वजन उतरलंय. डॉक्टरांनी अन्नासाठी थेट पोटात घालायच्या नळीचा विषय काढला, पण ‘अजून खाता येतंय’ म्हणून घरच्यांना ती घाई वाटते. माझ्या मते घाई नाही. नळी कधी घालायची हे गिळण्यापेक्षा श्वासावर जास्त ठरतं.

आधी पाण्याचं. घोट जिभेवर थोपवून धरायचा आणि स्वरयंत्र बंद झालं की मागे ढकलायचा, एवढं सगळं निरोगी माणसात क्षणात होतं. एएलएसमध्ये जीभ दुबळी पडते. पाणी पातळ, ते थोपत नाही, आणि स्वरयंत्र मिटायच्या आतच घशात उतरतं. घास सावकाश सरकतो, म्हणून निभावतो. ठसका लागतो म्हणजे निदान घशाची जाणीव शाबूत आहे. जास्त भीती ठसक्याविना आत जाणाऱ्या पाण्याची. पिऊन झाल्यावर आवाज ओला, घरघरता येत असेल किंवा वरचेवर कफ-ताप होत असेल, तर नाकातून दुर्बीण घालून किंवा बेरियम देऊन एक्स-रेखाली गिळण्याची तपासणी करून घ्या.

पाणी पावडर घालून घट्ट करायचं ते अंदाजाने नको. सुई न लावलेली १० मिलीची सिरिंज घ्या (शून्यापासून १० पर्यंतची पट्टी ६१.५ मिमी असलेली; सगळ्या कंपन्यांची सारखी नसते). दट्ट्या काढा, खालच्या टोकावर बोट धरून घट्ट केलेलं पाणी १० मिलीपर्यंत भरा, १० सेकंद सोडा, पुन्हा बोट लावा. १ ते ४ मिली उरलं तर आयडीडीएसआयची (द्रवाचा घट्टपणा मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत) पातळी १, ४ ते ८ उरलं तर २, ८ च्या वर उरलं तर ३. कोणती पातळी हवी हे स्पीच थेरपिस्टने तपासून ठरवावं. पावडर घेताना झँथन गमची घ्या. स्टार्चवाली लाळ लागली की पातळ होते, आणि उष्टा चमचा त्याच पेल्यात बुडवत राहिलात तर शेवटचे घोट पहिल्यापेक्षा पातळ निघतात.

घट्ट तितकं सुरक्षित, असंही नाही. फार घट्ट झालं की घशात थर उरतो आणि पुढच्या श्वासाबरोबर तोच आत ओढला जातो. डुशेनमध्ये (मुलांमधला स्नायू झिजण्याचा आनुवंशिक आजार) तर बहुधा हीच मुख्य अडचण असते. तिथे घासामागून पातळ घोट दिल्याने घसा साफ व्हायला मदत होते. मायस्थेनियात (वापरता वापरता स्नायू थकण्याचा आजार) पहिले घास नीट जातात, शेवटचे अडकतात, म्हणून त्यावरची पायरिडोस्टिग्मिनची गोळी जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी देतात. एकाचा सल्ला दुसऱ्याला लावू नका.

जेवणात सर्वात फसवे पदार्थ दोन पोतांचे: दूध-पोहे, पातळ वरणातला भात, संत्र्याची फोड. पातळ भाग पुढे पळतो, घन मागे राहतो. चिवडा, कुरमुरे बंदच करा. आसट खिचडी, घट्ट वरणात कुस्करलेला भात, दह्यात कालवलेलं मऊ अन्न चालू द्या. रिल्युझोलची (एएलएसवरचं औषध) गोळी कुटून देत असाल तर सांभाळा: तिने तोंड बधिर होतं आणि गिळणं त्या वेळेपुरतं आणखी बिघडतं.

आता खोकला, ज्याकडे सहसा कुणी बघत नाही. दम्याच्या रुग्णांचं पीक फ्लो मीटर मास्कला जोडून त्यात खोकायला सांगा (ओठ मिटत नसतील तर नुसत्या तोंडनळीतून हवा निसटते). मिनिटाला २७० लिटरच्या खाली असेल तर साध्या सर्दीतही कफ अडकू शकतो. १६० च्या खाली खोकला जवळजवळ निकामी. कफ असिस्ट मशीन (मास्कमधून हवा आत ढकलून लगेच बाहेर ओढणारं, खोकल्याला मदत करणारं) तेव्हा उपयोगी पडतं, पण घशाचे स्नायू दुबळे असताना अधिक-उणे ४० चा (सेंमी पाण्याच्या मापात) नेहमीचा दाब एकदम दिला तर स्वरयंत्राच्या वरचा भाग मिटतो आणि हवा आत जातच नाही. मशीन कुचकामी ठरवण्याआधी आत जाणारा दाब कमी आणि हवेचा वेग संथ करून बघायला सांगा.

नळीचा निर्णयही असाच श्वासावर ठरतो. पेग (दुर्बिणीच्या मदतीने पोटाच्या भिंतीतून नळी घालणं) करताना आडवं झोपवून गुंगी देतात. एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरात सोडलेल्या हवेचं माप) अपेक्षित आकड्याच्या ५० टक्क्यांच्या खाली गेली की धोका वाढतो. मग बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं यंत्र) चालू ठेवून किंवा एक्स-रेच्या मदतीने नळी घालावी लागते. वजन मूळच्या १० टक्क्यांनी घटलं की नळी घालावी असा संकेत आहे. मी तर ५ टक्क्यांनाच विषय काढावा म्हणेन. ओठ दुबळे असतील तर एफव्हीसी खोटी कमी येते, अशा वेळी नाकाने हुंगण्याचा दाब मोजून घ्या. नळी घातली म्हणून तोंडाने चव घेणं बंद होत नाही. लाळ श्वासनलिकेत जाणंही थांबत नाही, त्यासाठी औषधं किंवा लाळग्रंथीत बोटॉक्सचं इंजेक्शन, हा वेगळा उपाय.

सकाळी डोकं दुखतं, झोप मोडते, दिवसा पेंग येते, असं असेल तर घरी नुसतं ऑक्सिजन मशीन आणून लावू नका. स्नायू थकल्याने साठलेला कार्बन डायऑक्साइड त्याने वाढू शकतो; तिथे बायपॅपच लागतं.

कधी घशात काहीही नसताना अचानक श्वास कोंडतो, आत घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. स्वरयंत्र आवळल्याचं ते लक्षण. त्यांना ताठ बसवून थोडं पुढे झुकवा, तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्यायला सांगा, ओठांचा चंबू करून सोडायला सांगा. पाणी पाजू नका. बहुतेक वेळा हे मिनिटभरात सुटतं. जेवणानंतर आडवं झाल्यावर वारंवार होत असेल तर आम्लपित्ताचा उपचार करून बघावा. खाताना आवाजच फुटेना, खोकता येईना, तर मात्र घास अडकलाय: पुढे वाकवून पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये ५ जोरदार थापा, मग बेंबीच्या वर ५ दाब, हे आलटूनपालटून, आणि दुसऱ्या कुणालातरी तोवर १०८ लावायला सांगा.