इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करायची तर मुलीने बाई गाईडच शोधावी का?

तुम्ही लिहिलंय की एम.टेक. मटेरियल्समध्ये झालंय, बडोद्यातच पीएच.डी. करायची आहे, पण विभागात बाई प्राध्यापक एकच आणि त्यांचा विषय वेगळा. मग विषय सोडून त्यांच्याकडे जावं का, आणि मुलींसाठीच्या मेंटरशिप प्रोग्रॅमचा खरंच उपयोग होतो का?

विषय सोडू नका. मी स्वतः वर्षानुवर्षं ती 'विभागातली एकच बाई' होते, त्यामुळे जरा तिखट लिहिलं जाईल.

विभागात एकच बाई असली की प्रवेश घेणारी प्रत्येक मुलगी तिच्याकडे ढकलतात. वर "मॅडमकडे बरी राहील" म्हणायचं. यात मुलीची काळजी थोडी, आपल्या लॅबमधली कटकट टाळणं जास्त. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंटला चारच विद्यार्थी घेता येतात. त्या जागा अशा भरल्या की जिला किंवा ज्याला त्या बाईंच्या विषयात रस आहे, त्यांना जागा उरत नाही. शिवाय हॉस्टेलची वॉर्डनशिप, महिला कक्ष आणि पाहुण्यांच्या स्वागताची समिती त्यांच्याच गळ्यात असते. तुमच्या वाट्याला त्यांचा किती वेळ येईल, तुम्हीच बघा.

माझा विषय कोरोजन, म्हणजे धातूचं गंजणं. एका मुलीला ऑस्टेम्पर्ड डक्टाइल आयर्नचं (तापवून वितळलेल्या मिठात बुडवलेलं खास बीड) फटीग करायचं होतं, म्हणजे पुन्हापुन्हा ताण दिल्यावर ते कधी तुटतं ते बघायचं होतं. तो विषय ज्यांचा, त्या सरांनी तिला माझ्याकडे पाठवलं. (कॉलेजचं नाव लिहीत नाही, विचारू नका.) फटीगचं मशीन रात्रभर चालतं, सॉल्ट बाथ (वितळलेल्या मिठाची टाकी) धोक्याचा, मुलीला सहानंतर लॅबमध्ये थांबवायची जबाबदारी कोण घेणार, ही त्यांची कारणं. हवं तर सिम्युलेशन कर म्हणाले. मी तिला त्यांच्याकडेच परत धाडलं, को-गाईड म्हणून माझं नाव घातलं आणि सरांसमोर हिशेब मांडला. तुम्हालाही हीच कारणं ऐकवतील, म्हणून तो इथे देते.

आधी रात्रीचं. रोटेटिंग बेंडिंग मशीन सॅम्पलला वाकवणारा लोड देऊन ते ३००० आरपीएमने, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांनी, फिरवतं. एक कोटी फेऱ्यांपर्यंत सॅम्पल तुटलं नाही तर रनआउट धरायचं. म्हणजे साडेपंचावन्न तास. सलग चालवलं तर सव्वादोन दिवसांत काम होतं. दहा ते सहाच चालवलं तर कामाचे सात दिवस जातात, आणि रोज लोड उतरवा-चढवा करताना अलाइनमेंट हलण्याची भीती असते ती वेगळी. स्टेअरकेस पद्धतीने (सॅम्पल तुटलं की पुढच्याला लोड कमी, टिकलं की जास्त) फटीग लिमिट, म्हणजे ज्या ताणाखाली ते तुटत नाही तो ताण, काढायला किमान पंधरा सॅम्पल धरा, त्यातली साधारण निम्मी रनआउट होतात. सात रनआउट सलग काढले तर सोळा-सतरा दिवस. सहाच्या नियमाने कामाचे एकोणपन्नास दिवस, म्हणजे रविवार-सुट्ट्या धरून दोन महिने. ऑस्टेम्परिंगची तीन तापमानं घेतली की नुसत्या रनआउटमध्ये सहा महिने गेले. मग आरएसीच्या (रिसर्च अ‍ॅडव्हायजरी कमिटीच्या) प्रेझेंटेशनला विचारतात, "तुमचं काम मागे का?"

आणि रात्री तिथे कुणी थांबायची गरजच नसते! सॅम्पल तुटलं की लोडचा हात खाली येतो, मायक्रोस्विच दबतो, मोटर बंद पडते आणि काउंटर तिथेच थांबतो. वीज गेली तर? स्टार्टरला नो-व्होल्ट कॉइल असली की वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होत नाही. काउंटर डिजिटल असेल तर बॅटरीवाला घ्यायचा, म्हणजे आकडा पुसला जात नाही. वॉचमनने रात्री दहाला आणि सकाळी सहाला आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. 'मुलगे रात्री थांबतात' म्हणजे मशीन लावून खोलीवर जाऊन झोपतात, हे सगळ्यांना माहीत असतं. आणि बडोद्यात मुली नवरात्रात मध्यरात्रीपर्यंत गरब्याला असतात, तेव्हा जबाबदारीचा प्रश्न कुणाला पडत नाही.

सॉल्ट बाथचा धोका मात्र खरा. पण ते काम दिवसाउजेडीच करायचं असतं. सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेटचं मिश्रण २२० अंशांच्या आसपास वितळतं, आपण ते ३६० वगैरेला वापरतो. ते वितळायला काही तास जातात, म्हणून बाथ सकाळी सातला चालू करावा लागतो आणि सातला किल्ली हातात लागते. लॅब असिस्टंट साडेदहाला येतो, तिथेच दिवस बुडतो. सॅम्पल भट्टीत ९०० अंशांवर दीड तास ठेवायचं आणि काही सेकंदांत बाथमध्ये सोडायचं. रेंगाळलात तर पर्लाइट (लोखंडातली नको असलेली रचना) बनतं आणि पुढचं फटीग फुकट. सांडशी, बांधायची तार, सगळं आधी ओव्हनमध्ये कोरडं करून घ्यायचं, कारण ओलं काही आत गेलं की पाण्याची एकदम वाफ होते आणि तापलेलं मीठ अंगावर उडतं. तेलकट फडकं, कोळशाची पूड जवळ ठेवायची नाही. थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) दोन हवेत. कंट्रोलचा सरकून बाथबाहेर आला तर हीटर चालूच राहतो, तेव्हा दुसरा कटऑफ देतो. आणि कायम दोन माणसं. हे सगळे नियम मुलांनाही तेच.

मुलीसाठी वेगळं लागलं ते एवढंच: स्टोअरमधले हातमोजे एकाच मापाचे, मोठे. लहान हातात मोजा फिरतो, सांडशीची पकड सुटते आणि ९०० अंशांचं सॅम्पल बुटावर पडतं. लहान मापाचा जोड आणि अंगाला बसेल असा एप्रन, इतक्या साध्या गोष्टीचा इन्डेंट (मागणीपत्र) महिनोन्महिने अडकतो. तुम्ही रजिस्ट्रेशनच्या आठवड्यातच टाका. सुती कपडे घाला, केस टोपीत घ्या, ओढणी लॅबबाहेर ठेवा.

सर शेवटी वेळापत्रक बघून तयार झाले. पहिली काही सॅम्पल वाईट आली, पण त्याचं कारण वेगळंच होतं. टर्नरने (लेथवाल्याने) आडवं पॉलिश केलं होतं आणि चीर त्या ओरखड्यांपासून सुरू होत होती. शेवटचं पॉलिश सॅम्पलच्या लांबीच्या दिशेने घ्यावं लागतं. व्यास प्रत्येक सॅम्पलचा वेगळा मोजायचा. ६ मिलिमीटरवर ०.१ चुकलं तर ताणात ५ टक्के फरक पडतो, कारण सूत्रात व्यासाचा घन आहे. हे सरांनीच तिला शिकवलं, मला ते शिकवता आलं नसतं. गाईड विषयातलाच हवा तो यासाठी.

आता मेंटरशिप. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथे इंजिनिअरिंगच्या १५० मुलींवर प्रयोग झाला, २०१७ मध्ये छापून आला. पहिल्या वर्षी ज्यांना सीनियर मुलगी मेंटर म्हणून दिली होती, त्यातल्या एकीनेही इंजिनिअरिंग सोडलं नाही. सीनियर मुलगा दिलेल्यांतल्या १८ टक्के आणि कुणीच न दिलेल्यांतल्या ११ टक्के मुलींनी सोडलं. पण या बी.ई.च्या पहिल्या वर्षाच्या मुली, आणि मेंटर होत्या सीनियर विद्यार्थिनी, प्राध्यापक नव्हेत. म्हणून बाई गाईडपेक्षा दोन वर्षं पुढची एक मुलगी शोधा, दुसऱ्या विभागातली चालेल. ती कुठला फॉर्म कुठे अडकतो ते सांगेल. गाईडकडून मशीनचा वेळ, किल्ली आणि पेपरवर पहिलं नाव मागा. 'मेंटर' म्हणून नुसता धीर देणारे पुष्कळ भेटतात, पण शिफारसपत्रात "अत्यंत मेहनती, नम्र" लिहून मोकळे होतात. त्यांना सांगा, सर, मी कुठलं मशीन उभं केलं तेवढं लिहा.

यूजीसीच्या त्याच नियमांतलं तीन ओळींत. पीएच.डी.ची मुदत सहा वर्षं, री-रजिस्ट्रेशनने आणखी दोन आणि स्त्रियांना त्यावर दोन, अशी जास्तीत जास्त दहा. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात मिळून २४० दिवस रजा. आणि लग्नामुळे किंवा इतर कारणाने गाव बदललं तर संशोधनाचा डेटा दुसऱ्या संस्थेत नेता येतो, फक्त ते काम संस्थेने किंवा गाईडने कुठल्या फंडिंग एजन्सीकडून घेतलेल्या प्रकल्पातलं नसावं, आणि जुन्या संस्थेला व गाईडला श्रेय द्यावं लागतं. लग्न होऊन पुण्याला जाणाऱ्या मुली नेमक्या इथे अडकतात. म्हणून विषय ठरतानाच विचारा, पैसा कुठल्या प्रकल्पातला? आणि लॉगबुकच्या पानांचे फोटो दर शनिवारी स्वतःकडे ठेवा.

हे सगळं लिहिलं तरी सिम्युलेशन हलकं असं माझं म्हणणं नाही, कुणाला ते मनापासून करायचं असेल तर करावं. रात्री लॅबमधून घरी जायचा रस्ता सुनसान असेल तर ती भीती खरी आहे. तिथे कॉलेजने गाडी द्यायची, सहानंतर थांबू नका असा नियम करायचा नाही. आणि एखाद्या गाईडचं वागणंच खटकत असेल तर विषयबिषय बाजूला ठेवून लगेच बदला. २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते.

तुमच्या इथे सॉल्ट बाथच नसेल तर मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) हीट ट्रीटमेंट करून देणारे आहेत. आधी एकाच सॅम्पलचं काम देऊन मायक्रोस्ट्रक्चर (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी रचना) बघा, मग बाकीची द्या, आणि बॅचचा तापमानाचा चार्ट मागून घ्या. सोबत कुणाला पाठवू असं कुणी विचारलं तर नको म्हणा, रिक्षाने जाता येतं.