डेनो शिकायला सुरुवात कुठून करू? तो 'सुरक्षित' आहे म्हणजे नक्की काय?

तुम्ही लिहिलंय की नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) छोटे सर्व्हर लिहिता येतात, आता त्याच कामाचं डेनो शिकायचंय, पण त्याला 'सुरक्षित' का म्हणतात ते कळत नाही. माझं सांगणं एकच: परवानग्यांपासून, म्हणजे प्रोग्रॅमला फाइल, नेटवर्क वगैरे वापरू देण्याच्या मुभेपासून सुरुवात करा. भाषा तीच जावास्क्रिप्ट आहे, टाइपस्क्रिप्ट (टाइप जोडलेली जावास्क्रिप्ट) ही सुद्धा वेगळी काही जुळवाजुळव न करता चालते. बाकीचं हळूहळू अंगवळणी पडेल.

नोड २००९ साली रायन डाल यांनी बनवलं. २०१८ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फ ईयू परिषदेत त्यांनीच नोडमधल्या आपल्याला खटकणाऱ्या दहा गोष्टी मांडल्या आणि त्याच भाषणात डेनो दाखवलं. त्यातला एक मुद्दा असा, की जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही-एट इंजिन मुळात कोडला बाहेरच्या जगापासून वेगळं ठेवतं, पण नोडमध्ये चालणाऱ्या प्रत्येक कोडला फाइल, नेटवर्क सगळं मोकळं मिळतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात इव्हेंट-स्ट्रीम प्रकरण उघडकीला आलं. या लोकप्रिय पॅकेजला (इतरांनी लिहिलेला, आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) जोडलेल्या दुसऱ्या एका पॅकेजात बिटकॉइनची वॉलेट लुटणारा कोड घुसवला होता. आपण स्वतः न लिहिलेला कोड आपल्याच अधिकारांनी चालतो, हा खरा धोका.

आता प्रत्यक्ष. डेनो ही एकच फाइल असते, तिच्यातच फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारा), लिंटर (कोडमधल्या संभाव्य चुका दाखवणारा) आणि टेस्ट चालवायची सोय आहे. ते इन्स्टॉल करा आणि 'डेनो.सर्व्ह' वापरून चार ओळींचा सर्व्हर लिहा, जो 'डेटा' फोल्डरमधली एक जेसन फाइल वाचून परत पाठवतो. तो 'डेनो रन'ने, कुठलाही फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) न देता चालवा. टर्मिनल थांबेल आणि विचारेल की हा प्रोग्रॅम ०.०.०.०:८००० या पत्त्यावर नेटवर्क मागतोय, देऊ का? 'वाय' म्हणजे हो, 'एन' म्हणजे नाही, कॅपिटल 'ए' म्हणजे या प्रकारच्या सगळ्याच परवानग्या. 'वाय' दाबून ब्राउझरमधून पान मागवलंत की फाइल वाचायची परवानगी वेगळी मागितली जाईल. घाईने 'ए' दाबू नका. प्रत्येक प्रश्न वाचा, कारण आपला प्रोग्रॅम नक्की कशाकशाला हात लावतो याची यादीच ते प्रश्न तुमच्या हातात देतात.

ती यादी मग फ्लॅगमध्ये उतरवा: 'अलाउ-नेट'ला तोच पत्ता आणि पोर्ट, 'अलाउ-रीड'ला फक्त 'डेटा' फोल्डर. आता मुद्दाम शेजारची पासवर्ड असलेली फाइल वाचायचा प्रयत्न करून पाहा. पुन्हा प्रश्न येईल. 'एन' म्हणा आणि एरर बघा. हा प्रयोग चुकवू नका, सगळी कल्पना त्यातच स्पष्ट होते. जमलेली पूर्ण कमांड 'डेनो.जेसन' या प्रोजेक्टच्या सेटिंग फाइलमधल्या 'टास्क्स'मध्ये लिहून ठेवली की रोज टाइप करावी लागत नाही.

बऱ्याच ट्युटोरियलमध्ये पहिल्याच पानावर 'डॅश ए' असतं, म्हणजे सगळ्या परवानग्या एकदम. कृपया ते उचलू नका. तसं चालवायचं तर या बाबतीत डेनो घेण्यात अर्थच उरत नाही. 'अलाउ-नेट'सुद्धा पत्ता न देता लिहिलंत तर कोड कुठल्याही सर्व्हरला माहिती पाठवू शकतो, कारण ती परवानगी बाहेर जाणाऱ्या जोडणीलाही लागू होते.

दोन मर्यादा मात्र नीट समजून घ्या. 'अलाउ-रन' दिलंत की जो दुसरा प्रोग्रॅम सुरू होईल तो डेनोच्या कुंपणाबाहेर, तुमच्या युजरच्या पूर्ण अधिकारांनी चालतो. आणि परवानग्या पॅकेजनिहाय नसतात, अख्ख्या प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रॅमला मिळून असतात. तुमच्या कोडला दिलेलं प्रत्येक पॅकेजलाही मिळतं. म्हणून एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचू देणाऱ्या 'अलाउ-एन्व्ह'लाही हव्या त्याच व्हेरिएबलचं नाव द्या.

नोडमध्येही आता परवानग्यांची सोय आहे, पण ती आपण फ्लॅग देऊन चालू करावी लागते. डेनोत दार आधीपासून बंद असतं. शिवाय एनपीएमची (नोडच्या पॅकेजांचं भांडार) पॅकेजं डेनोत चालतात, आणि इन्स्टॉल होताना चालणाऱ्या त्यांच्या स्क्रिप्ट्स तुम्ही सांगितल्याशिवाय चालत नाहीत. तुमचा जुना एखादा छोटा सर्व्हरच घेऊन त्याच्यावर हे करून बघा, आणि कुठे अडलात तर एरर जसाच्या तसा खाली टाका.